‘हार्ट ऑफ द अँडीज’ एक तास कसं पाहावं

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा चित्रकार फ्रेडरिक चर्चच्या ‘हार्ट ऑफ द अँडीज’ या निसर्गचित्रासमोर जेमतेम अर्धा मिनिट थांबले असेन. बर्फाचा डोंगर, धबधबा, दाट झाडी. छान आहे म्हटलं, फोटो काढला आणि पुढच्या दालनात गेले. रात्री बहिणीच्या घरी तो फोटो बोटांनी मोठा करून बघत होते, तर डावीकडे एक क्रूस दिसला आणि त्याच्यापाशी दोन माणसं. दहा फूट रुंद चित्रासमोर उभी होते तेव्हा ती मला दिसलीच नव्हती. चार दिवसांनी परत गेले, छोटी दुर्बीण घेऊन, आणि दीड तास तिथेच होते.

हे चित्र एका नजरेत संपावं म्हणून काढलेलंच नाही. 1859 मध्ये ते लोकांसमोर आलं, तेव्हा ते पाहण्याची एक रीत ठरवून दिली होती. ती रीत आज घरी बसूनही पाळता येते. ती कशी, ते खाली सांगते. म्युझियमला जायचं नसेल तरी चालेल. लागेल ते एवढंच: लॅपटॉप, मोजपट्टी, चिकटपट्टी, दोन-तीन कोरे कागद, पेन्सिल आणि एक मोकळा तास.

आधी थोडी ओळख

फ्रेडरिक एडविन चर्च 1826 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये जन्मला आणि विशीच्या आतच थॉमस कोल या निसर्गचित्रकाराकडे शिकायला गेला. तो दक्षिण अमेरिकेत दोनदा जाऊन आला, 1853 मध्ये आणि 1857 मध्ये. दुसऱ्या खेपेला त्याने सगळं लक्ष इक्वेडोरवर दिलं. तिथे पेन्सिलीने आणि तैलरंगात भरपूर स्केचेस केली, ती न्यूयॉर्कच्या स्टुडिओत आणली आणि त्यांच्यातून हा मोठा कॅनव्हास उभा केला.

त्याला तिकडे ओढणारा माणूस म्हणजे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट. जून 1802 मध्ये हम्बोल्ट इक्वेडोरच्या चिंबोराझो पर्वतावर चढला होता. माथा गाठता आला नाही, पण तेव्हा हा जगातला सर्वांत उंच पर्वत समजला जात होता आणि इतक्या उंचीवर गेल्याची नोंद कुणाचीच नव्हती. उतरल्यावर त्याने चिंबोराझोचं एक नकाशाचित्र तयार केलं: डोंगर उभा कापल्यासारखा दाखवलेला आणि कोणती वनस्पती किती उंचीवर सापडते, तिथे तिचं नाव लिहिलेलं. पायथ्याला उष्ण कटिबंधातलं जंगल, वर गवत, त्याच्याही वर शेवाळ आणि दगडफूल, शेवटी नुसता बर्फ. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत जाताना जे बदल दिसतात, ते एका डोंगराच्या चढणीवरच दिसतात, हे त्याचं म्हणणं होतं. पुढे ‘कॉसमॉस’ या ग्रंथात त्याने चित्रकारांना सांगितलं की उष्ण कटिबंधात जा आणि तिथला निसर्ग रंगवा. चर्चने ते अक्षरशः मनावर घेतलं.

एवढं डोक्यात ठेवा. चित्रात नेमकं काय शोधायचं, ते यावरून ठरणार आहे.

पहिली पायरी: भिंतीवर मोजून घ्या

ही पायरी टाळू नका. चित्र 302.9 सेंटिमीटर रुंद आणि 168 सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे साधारण दहा फूट बाय साडेपाच फूट. बैठकीच्या खोलीतली एखादी मोकळी भिंत घ्या, खालची कड जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर धरा आणि चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे लावा. आता दहा-अकरा फूट मागे जाऊन त्या रिकाम्या चौकोनाकडे बघा.

15 इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे 34 सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे पडद्यावर अख्खं चित्र दिसतं, तेव्हा ते मूळ रुंदीच्या नवव्या हिश्शाएवढं असतं. आडव्या धरलेल्या मोबाईलवर तर विसाव्या हिश्शाएवढं. क्रूसापाशी उभी असलेली माणसं त्यात ठिपकासुद्धा उरत नाहीत. भिंतीवरची चौकट समोर असली की पडद्यावरचं चित्र पाहताना हा हिशोब विसरायला होत नाही.

दुसरी पायरी: चांगली प्रत मिळवा

म्युझियमच्या संकेतस्थळावर चित्राचं इंग्रजी नाव टाकून शोधा. स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींच्या प्रतिमा मेटने, म्हणजे मेट्रोपॉलिटन म्युझियमने, 2017 पासून सगळ्यांना मोफत खुल्या केल्या आहेत, त्यात हे चित्रही आहे. उतरवून घ्या, छापा, वर्गात दाखवा, कुणाची परवानगी लागत नाही. विकिमीडिया कॉमन्सवरही प्रती सापडतात. मिळेल ती सर्वांत मोठी फाईल घ्या. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या प्रती मात्र घेऊ नका. त्यांचे रंग भडक केलेले असतात, आणि या चित्रात दूरच्या डोंगरांचा निळसर फिकेपणा गेला की सगळंच गेलं.

पडद्याचा प्रकाश मध्यम ठेवा. रात्रीसाठी पडदा पिवळसर करणारी सोय चालू असेल तर ती आधी बंद करा.

तिसरी पायरी: कागदाची नळी

1859 च्या एप्रिलअखेरीस न्यूयॉर्कमध्ये हे चित्र मांडलं, तेव्हा ते भिंतीवर टांगलं नव्हतं. खिडकीच्या चौकटीसारखी दिसणारी, जमिनीवर उभी राहणारी गडद लाकडाची भलीमोठी फ्रेम होती आणि दोन्ही बाजूंना पडदे सोडले होते. खोली अंधारी ठेवून उजेड चित्रावर एकवटला होता. लोक बाकांवर बसून बघत. बरोबर ऑपेरा ग्लास, म्हणजे नाटकाला नेतात ती छोटी दुर्बीण, आणायला सांगितलेलं होतं. चित्रात कुठून कुठे जायचं ते समजावणाऱ्या पुस्तिकाही मिळत. प्रवेश 25 सेंट. 23 मेपर्यंत, चार आठवड्यांपेक्षा कमी काळात, बारा हजारांहून जास्त माणसं येऊन गेली.

दुर्बिणीचं काम कागदाच्या नळीने भागतं. ए-4 कागद लांबीच्या दिशेने गुंडाळा, भोक साधारण चार सेंटिमीटर व्यासाचं ठेवा आणि चिकटपट्टी लावा. एक डोळा मिटून नळीतून बघा. नळीने काही मोठं दिसत नाही. तिचा उपयोग आजूबाजूचं सगळं झाकण्यासाठी आहे. मूळ चित्रापासून तीन मीटरवर उभं राहिलात तर नळीतून सुमारे 40 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं. म्हणजे चित्राची रुंदी पार करायला सात-आठ थांबे लागतात. घरी पडद्यावर चित्र मोठं करून नळी लावली तरी परिणाम तोच. हे पोरकट वाटेल. करून बघा. डोळा एरवी सतत त्या बर्फाच्या शिखराकडे पळत असतो, नळी त्याला पळू देत नाही.

चौथी पायरी: पाच मिनिटं नुसतं बघा

नळी बाजूला ठेवा. अख्खं चित्र समोर घ्या आणि पाच मिनिटं काही शोधू नका. घड्याळ लावा, कारण पाच मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी उभी कुठे आहे? पायाखाली जमीन आहे का? दृश्य किंचित उंचावरून दिसतं. खालच्या कडेला वाढलेली झाडी आहे, मध्ये पाणी आहे, आणि मधल्या पठारावर जाण्याचा सरळ रस्ता कुठेच सापडत नाही. चित्र आत बोलावतं आणि वाट मात्र आपली आपण शोधायला लावतं. मला यात चर्चची खरी हुशारी दिसते.

पाचवी पायरी: डावीकडून आत शिरा

आता नळी घ्या आणि डावीकडच्या खालच्या भागापासून सुरुवात करा. उन्हाचा एक झोत एका झाडाच्या बुंध्यावर पडला आहे. बुंध्याची साल नीट बघा. चित्रकाराची सही तिथे आहे, चाकूने सालीत कोरल्यासारखी, वर्षासकट. निसर्गचित्रात सही कोपऱ्यात करायची रूढी असते, इथे ती झाडावर आहे आणि तीही उजेडात. मी इथे येऊन गेलो, असंच तो सांगतोय. त्या झाडाची तब्येत मात्र आजूबाजूच्या रसरशीत झाडीच्या मानाने बरी दिसत नाही. याचा अर्थ काय लावायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

जवळच मळलेली पाऊलवाट आहे. ती धरून जा. ती क्रूसापाशी आणि त्या दोन माणसांपाशी नेते. ही माणसं सापडली की लगेच नळी काढा आणि त्यांच्यावरून मागच्या बर्फाच्या शिखराकडे बघा. चित्रातलं अंतर कळतं ते या क्षणी. त्याआधी डोंगर फक्त ‘मोठा’ असतो.

वाट पुढे कुठे जाते, तेही तपासा. मधल्या पठारावर एक वस्ती आहे आणि स्पॅनिश वळणाचं चर्च आहे. क्रूसापासून तिथपर्यंत पोचायचं कसं, ते दिसत नाही.

सहावी पायरी: पाण्याच्या उलट दिशेने

मध्याच्या थोडं उजवीकडे धबधबा आहे आणि त्याखाली चमकणारा डोह. लोक धबधबा बघतात आणि थांबतात. तुम्ही उलटे चला. डोहातून धबधब्यावर, धबधब्याच्या ओठावरून मागच्या पाण्याकडे, तिथून पठाराकडे. प्रत्येक टप्प्यावर पाण्याचा रंग आणि पोत वेगळा आहे: फेसाळ, तुषारांनी धूसर, मग आरशासारखा. पुरेशी मोठी प्रत असेल तर इथे झूम करून कुंचल्याच्या खुणा शोधा. फारशा सापडणार नाहीत. चर्च रंगाचे फटकारे जवळपास पुसून टाकायचा. पाहणाऱ्याला रंग दिसू नये, पाणीच दिसावं, हा त्याचा आग्रह होता.

सातवी पायरी: डोंगर चढा

चित्राचा गाभा इथे आहे, म्हणून याला निदान पंधरा मिनिटं द्या.

उजवीकडच्या झाडीपासून सुरू करा. वेली, मोठाली पानं, झाडासारखे वाढलेले नेचे, फांद्यांवर रुजलेल्या वनस्पती. प्रत्येक जात वेगळी ओळखता येईल इतकी काळजी घेतलेली आहे. मग नळी हळूहळू वर सरकवा. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना पायथा, पदर आणि माथा वेगळा सांगावा लागत नाही. झाडी बदलली की पायांनाच कळतं. तेच इथे डोळ्यांनी करायचं आहे. दाट झाडी कुठे विरळ झाली? झाडं संपून नुसती गवताळ, तपकिरी उतरण कुठे सुरू झाली? उघडा कातळ कुठे? बर्फाची कड कुठे?

एका कागदावर चित्राचा आडवा चौकोन काढून त्यात या सीमारेषा पेन्सिलीने ओढा. चार-पाच रेषा पुरतात. काम झालं की कागदाकडे बघा. हम्बोल्टच्या त्या उभ्या कापलेल्या डोंगराचंच हे रूप आहे. चर्चने वनस्पतींची नावं लिहिली नाहीत, वनस्पतीच रंगवल्या.

मधल्या डोंगरांच्या सोंडा उजवीकडून डावीकडे उतरत गेल्या आहेत. त्या काळपट आहेत, ढगांच्या सावलीत आहेत, आणि त्यांच्या उतरणीबरोबर नजर आपोआप डावीकडे घसरत चिंबोराझोच्या बर्फावर येऊन थांबते. हा पर्वत 6,263 मीटर उंच आहे. एव्हरेस्ट समुद्रसपाटीपासून त्याच्यापेक्षा अडीच हजार मीटरहून अधिक उंच, हे खरं. पण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्याने, पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर सर्वांत दूरचा बिंदू चिंबोराझोच्या माथ्यावरच येतो.

हे दृश्य नकाशावर शोधायला मात्र जाऊ नका. ते कुठेच नाही. वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या उंचीवरची स्केचेस एकत्र गुंफून हा देखावा रचला आहे. पान न् पान निरीक्षणातून आलेलं आहे आणि जागा कल्पनेतली आहे. काहींना ही फसवणूक वाटते. मला नाही वाटत. एका ठिकाणी उभं राहून हे सगळं दिसलं असतं तर चित्र काढायची गरजच पडली नसती.

आठवी पायरी: हवा बघा

दूरचे डोंगर निळसर आणि फिके का दिसतात? मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, आणि अंतर जितकं जास्त तितकी मधली हवा जास्त. चित्रकाराला ही हवा रंगातून निर्माण करावी लागते. तपासायची युक्ती सोपी आहे. लॅपटॉपवर चित्र कृष्णधवल करा. आता गडद-फिकट छटांवरूनच अंतर कळतंय का? पुढच्या झाडीत सर्वांत गडद जागा आहेत, मागे जाताना गडदपणा कमी होत जातो, पण मध्ये ढगांच्या सावल्या टाकून चर्चने हा क्रम मुद्दाम मोडला आहे. तो मोडला नसता तर चित्र सपाट जिन्यासारखं वाटलं असतं. परत रंगीत करा आणि ढगांच्या सावल्या जमिनीवर कुठून कुठे सरकत असतील, याचा अंदाज घ्या.

नववी पायरी: 1859 हे वर्ष शेजारी ठेवा

आता पडद्यावरून डोळे काढा आणि तीन तारखा कागदावर लिहा. 27 एप्रिल: चित्र न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर आलं. 6 मे: बर्लिनमध्ये हम्बोल्ट वारला, वय 89. 24 नोव्हेंबर: लंडनमध्ये डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

चर्चची फार इच्छा होती की चित्र बर्लिनला पाठवावं आणि जवळपास साठ वर्षांपूर्वी हम्बोल्टने पाहिलेला पर्वत त्याला पुन्हा दाखवावा. मे महिन्यात तो पत्रात हे लिहीत होता, तेव्हा हम्बोल्ट गेलेला होता. बातमी अजून अटलांटिक ओलांडत होती. इथे एक गोष्ट मला दर वेळी चटका लावते. 1853 च्या पहिल्या प्रवासात चर्चच्या बरोबर सायरस फील्ड नावाचा उद्योजक होता. त्याच फील्डच्या पुढाकाराने ऑगस्ट 1858 मध्ये अटलांटिकच्या तळाशी तारेची पहिली केबल पडली आणि काही आठवड्यांतच बंद पडली. ती चालू राहिली असती तर चर्चला ते पत्र लिहिण्याआधीच कळलं असतं.

डार्विनही तरुणपणी हम्बोल्ट वाचूनच प्रवासाला निघाला होता. एकाच गुरूकडून एकाने सुसंवाद घेतला, दुसऱ्याने जगण्याची झुंज पाहिली. हे मनात ठेवून उजवीकडच्या झाडीकडे परत जा. उजेडासाठी एकमेकांवर चढणाऱ्या वेली आता तशाच शांत दिसतात का?

दहावी पायरी: स्केचेस बघा, मग शेजारचं चित्र

न्यूयॉर्कच्याच कूपर ह्युइट संग्रहालयात चर्चची दोन हजारांहून अधिक स्केचेस आहेत, आणि त्यांतली बरीच त्यांच्या संकेतस्थळावर दिसतात. चित्रकाराचं नाव आणि ‘इक्वेडोर’ एवढं टाकून शोधा. पाहता पाहता काही मिनिटांत रंगवलेला चिंबोराझो समोर आला की मोठ्या चित्रामागची मेहनत कळते. चित्रकलेचे विद्यार्थी असाल तर निम्मा वेळ इथेच घालवा.

तुलनेसाठी अल्बर्ट बीअरश्टाटचं ‘द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक’ घ्या. 1863 मधलं, 186.7 बाय 306.7 सेंटिमीटर, तेही मेटमध्येच. 1864 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांच्या मदतीसाठी न्यूयॉर्कमध्ये मोठा मेळा भरला होता, त्यात ही दोन चित्रं मांडली होती. बीअरश्टाट पुढे शोशोनी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा तळ ठेवतो, मागे उन्हात झळकणारी शिखरं, आणि मधला धबधबा रंगमंचावर झोत टाकल्यासारखा उजळवतो. डोळा थेट तिथे जातो. ते चित्र लांबून जास्त रंगतं, चर्चचं जवळून. माझं मत विचाराल तर चर्चचं चित्र पुष्कळ जास्त दिवस पुरतं. मार्क ट्वेनचाही अनुभव तसाच होता. 1861 मध्ये सेंट लुईसला हे चित्र आलं, तेव्हा त्याने भावाला पत्र लिहून कळवलं की आपण ते अनेकदा पाहिलं आणि दर वेळी ते अगदी नवंच वाटलं, आणि वाटेकडेची फुलं नि गवताचे झुबके ऑपेरा ग्लासशिवाय दिसत नाहीत.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

मेट बुधवारी बंद असतं. शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं आणि त्या वेळी मोठ्या चित्रांसमोर उभं राहायला जागा मिळते. निघण्याआधी वेळा संकेतस्थळावर पाहून घ्या. न्यूयॉर्क राज्यातले रहिवासी, तसंच न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकटमधले विद्यार्थी यांना प्रवेशासाठी हवी तेवढी रक्कम देता येते, ओळखपत्र जवळ ठेवा. घरी पाहुणे आले की त्यांना म्युझियमला नेणारे न्यू जर्सीतले अनेक मराठी लोक मी पाहिले आहेत. त्यांनी मुलाच्या कॉलेजचं ओळखपत्र विसरू नये.

चित्र अमेरिकन विंगमध्ये आहे. आधी नकाशावर ते गाठा आणि थेट तिथेच जा. पाय ताजे असताना बघायचं चित्र आहे हे, इजिप्त आणि युरोप पालथं घातल्यावर नव्हे. चित्राच्या जवळ जायचा मोह होईल, पण रक्षक सांगतील त्या अंतरावरच थांबा. आठपट दाखवणारी छोटी दुर्बीण असेल तर जवळ जायची गरजही नाही. मात्र ती किती जवळचं स्पष्ट दाखवते, ते घरी तपासा. काही दुर्बिणींना चार-पाच मीटरच्या आतलं धूसरच दिसतं. टिपणं काढायला पेन्सिल न्या, दालनात शाईचं पेन चालत नाही.

बरोबर लहान मूल असेल तर कागदाची नळी त्याच्या हातात द्या आणि फक्त एवढंच सांगा की यात दोन माणसं आहेत. आमच्या भाचीला ती शोधायला अकरा मिनिटं लागली, आणि तेवढ्यात तिने मला न दिसलेला एक पक्षी दाखवला.